सॅकमधली बिअर, तोंडातली बडीशेप

"सर, मी बेळगावातल्या शहापूरचा. वय 33. सात वर्षं बेंगळुरात नोकरी केली. बाबांची बायपास झाली, म्हणून दोन वर्षांपूर्वी गाशा गुंडाळून गावी आलो. आता उद्यमबागेत एका मशीनशॉपमध्ये सीएनसीचं प्रोग्रॅमिंग करतो. बेंगळुरात दोन नाद लागले, एक डोंगराचा आणि दुसरा क्राफ्ट बिअरचा, म्हणजे लहान ब्रूअरीत निगुतीनं केलेल्या बिअरचा. दोन्ही अजून आहेत. रविवारी आम्ही पाचजण पहाटे निघतो, चंदगड नाहीतर खानापूर गाठतो. सॅकमध्ये चांगल्यातले कॅन असतात. तटावर बसून दोन-तीन होतात, मग उतरतो. दंगा नाही, कचरा नाही, रिकामे कॅन परत आणतो. गेल्या महिन्यात कलानिधीगडावर दुर्गसंवर्धनाची पोरं भेटली. कॅन बघून भडकली, मोबाईल काढून शूटिंग करायला लागली, तुमची तोंडं सगळ्यांना दाखवतो म्हणाली. आमचं नेमकं काय चुकलं? घरात माळकरी वातावरण, म्हणून तिथं काही सांगितलेलं नाही. बाबा आजारपणापर्यंत दरवर्षी दिंडीबरोबर पायी पंढरपूरला जायचे. रविवारी रात्री आलो की विचारतात, आज किती चाललास म्हणून. मी बडीशेप चघळत दारातूनच काहीतरी उत्तर देतो आणि आत जातो. बायकोला माहीत आहे. ती म्हणते, रविवार तुमचा एकट्याचाच काय? ते असो. मुद्दा हा की, चांगल्या बिअरची आवड असणं हा गुन्हा आहे काय? आणि गड अन् बिअर एकत्र चालत नाहीत काय? घरीच बिअर करून बघायचा विचार आहे, त्याबद्दलही सांगा."

— एक शहापूरकर

अरे बाबा शहापूरकर,

माझा थोरला पुतण्या तुझ्याच वयाचा, म्हणून अरे-तुरे करतो. राग मानू नकोस.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते सोपं आहे. घरी बिअर करू नकोस. अबकारी कायद्यात त्याला परवाना लागतो आणि शहापुरातल्या माळकरी घराच्या परसात तो कुणी देणार नाही. हात शिवशिवतच असतील तर आईला नाचणीचं सत्त्व कसं करते ते विचार. नाचणी भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवायची, भाजून दळायची. ब्रूअरीत बार्लीचं माल्ट करतात तेही असंच. धान्याला मोड आले की त्यात पिष्टाची साखर करणारी विकरं तयार होतात. आपल्याकडे ती बाळाच्या खिमटीत जातात, तिकडे यीस्टच्या पुढ्यात. तुझ्या बिअरची अर्धी विद्या आईला तुझ्या जन्माच्या आधीपासून येते.

आता आवडीबद्दल. आवड गुन्हा नाही. दारू तब्येतीला चांगली म्हणून कुणी सांगितलं तर मात्र विश्वास ठेवू नकोस. कितीही कमी घेतली तरी पूर्ण निर्धोक असं प्रमाण नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. ते माहीत असूनही एखादा ग्लास घ्यायचा की नाही, हा 33 वर्षांच्या माणसाचा स्वतःचा निर्णय. मीही घेत आलोय. संन्याशाचा सल्ला हवा असेल तर पत्ता चुकला.

पण गड आणि बिअर एकत्र चालत नाहीत काय, या प्रश्नाचं उत्तर मला चांगलं सविस्तर द्यायचंय. बहुतेक जण इथं गडाच्या बाजूनं बोलतात. मी आधी बिअरच्या बाजूनं बोलतो.

तू क्राफ्टवाला. म्हणजे कडक बाटली नाकाला लावून संपवणाऱ्यातला नव्हेस. हेफेवायझन या गव्हाच्या बिअरीला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तिच्यात केळंही नसतं आणि लवंगही नसते, तो सगळा यीस्टचा उद्योग. आयपीएत, म्हणजे इंडिया पेल एल या बिअरीत, हॉप्सच्या वेलाच्या कडू फुलांचा लिंबासारखा, पेरूसारखा दरवळ असतो. याच वासांसाठी तू जास्त पैसे मोजतोस. आणि या बिअरीत नाजूक काय असेल तर तेच. उष्णता लागली की बिअरचं ऑक्सिडीकरण झपाट्यानं होतं, हॉप्सचा वास सगळ्यात आधी उडतो आणि मागे ओल्या पुठ्ठ्यासारखी चव उरते. वर पोचल्यावर तुम्ही ती पारदर्शक प्लॅस्टिकच्या ग्लासात ओतत असणार. उन्हात ठेवलेल्या अशा ग्लासात हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर प्रकाशाची क्रिया होऊन काही मिनिटांतच कुबट, रबरासारखा वास धरतो. बाटल्या तपकिरी काचेच्या करतात त्या याचसाठी. शिवाय चढताना सॅक हिंदकळत गेलेली, बिअर कोमट झालेली. कोमट बिअरमध्ये वायू टिकत नाही, म्हणून कॅन उघडला की निम्मा फेस दगडावर.

म्हणजे बघ, कुणीतरी मन लावून केलेली बिअर तू पाठीवरून दोन तास वर नेतोस, गरम करतोस, घुसळतोस, उन्हात धरतोस आणि मग वा म्हणून पितोस. आयपीए म्हणजे खास हिंदुस्थानच्या सफरीसाठी शोधलेली बिअर, अशी कथा तुमच्यात सांगतात. ती पुरती खरी नाही. इंग्लंडातल्या लंडन आणि बर्टनच्या ब्रूअर्सनी आधीपासून चालत आलेल्या फिकट बिअरीत हॉप्स वाढवत नेले आणि ती इकडे पाठवली, एवढंच. पण कथा खरी धरली तरी ती बिअर जहाजाच्या पोटात, लाकडी पिंपात बसून आली. काळ्या सॅकमधून एप्रिलच्या उन्हात कलानिधीगडावर नाही आली.

आता गडाच्या बाजूनं. इथं मला माझीच लाज सांगावी लागेल.

1988 साल. मी तेव्हा फौंड्रीत होतो. आम्ही तिघं याच कलानिधीगडावर गेलो होतो, थैलीत 650 मिलीच्या तीन बाटल्या. तेव्हा क्राफ्ट-बिफ्ट काही नव्हतं, मिळेल ती प्यायची. वर प्यालो, गाणी म्हटली, उतरायला लागलो. निम्म्यावर आमच्यातल्या एकाचा पाय सुटला आणि घोटा असा फिरला की बघवेना. खालच्या गावातून दोघं आले, घोंगडीची झोळी केली, दोन बांबूंवर घालून त्याला खाली नेला. पैसे घ्या म्हटलं तर घेतले नाहीत. त्यातल्या म्हाताऱ्यानं आमच्या तोंडाचा वास घेतला आणि फक्त एवढंच विचारलं, "वर देवीला नमस्कार केलासा काय?" मला आजही त्या प्रश्नाला उत्तर सुचत नाही.

पुढच्या वर्षी एकटाच गेलो. झुडपात आमचीच एक बाटली सापडली. लेबल गेलेलं, आत पावसाचं पाणी आणि त्यात सरड्याचा सांगाडा. आत शिरला असणार, गुळगुळीत काचेवरून त्याला बाहेर येता आलं नाही. तू कॅन परत आणतोस. चांगलंच आहे. आम्ही ते करत नव्हतो, म्हणून तेवढे मार्क तुला जास्त.

उतरताना काय होतं ते समजून घे. चढताना दम लागतो, पण पडतो माणूस उतरताना. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलत असतात, लवकर थकतात आणि पाय लटपटायला लागतात. मेंदूचा तोल सांभाळणारा भाग दारूनं नेमका तेव्हाच सुस्तावलेला असतो. शरीरातलं पाणी धरून ठेवायला सांगणाऱ्या संप्रेरकालाही दारू दाबते. घामानं आधीच सुकलेला माणूस बिअर पिऊन आणखी सुकतो. तहान भागल्यासारखी वाटते, भागत नाही.

मग मोटारसायकल. ही गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण पाचजण चंदगडहून बेळगावला उडत तर आला नसाल. कायद्यानं 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. 5 टक्क्यांच्या 330 मिलीच्या एका कॅनमध्ये साधारण 13 ग्रॅम अल्कोहोल असतं. सत्तर किलोच्या गड्याला एवढा एक कॅन त्या मर्यादेच्या काठाशी नेऊन ठेवतो. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅम निस्तरतं. तीन कॅन म्हणजे चाळीस ग्रॅम, तुझा क्राफ्टचा साडेसहा टक्क्यांचा असेल तर पन्नास. गणित तू रोज करतोस, इथंही कर. चार-पाच तास खाली बसून राहायची तयारी आहे काय?

आता त्या पोरांबद्दल. मोबाईल तोंडासमोर धरून बदनामीची धमकी द्यायचा त्यांना अधिकार नव्हता. पोरं तापट असतात आणि हल्ली गडावर झाडण्यापेक्षा शूटिंग जास्त चालतं, हेही मी बघतो. पण मूळ मुद्द्यावर ती बरोबर आहेत आणि तुम्ही चूक. कचरा न करणं म्हणजे सगळं झालं, असं नाही. महिपाळगडावर गाव आहे. गंधर्वगडावर गाव आहे. पारगडावर वस्ती आहे, तिथली घरं पिढ्यान् पिढ्या शिवकाळाशी आपलं नातं सांगतात. ज्याला तुम्ही तट म्हणून पाय सोडून बसता, ते कुणाचं तरी परसदार आहे. कलानिधीगडावर कुणी राहत नसेल, पण वर देऊळ आहे आणि खालचं गाव त्याला आपलं मानतं. तुझ्या शहापुरातल्या गल्लीत चार परके येऊन मारुतीच्या कट्ट्यावर कॅन उघडून बसले, "आम्ही कचरा टाकत नाही हं" म्हणाले, तर तू काय करशील?

कायद्याचंही ऐकून ठेव. आपल्या भागाची ही गंमतच आहे की सकाळी बेळगावात चहा, दुपारी चंदगडात जेवण आणि संध्याकाळी चोर्ल्याहून गोव्यात उतरणं एका दिवसात जमतं. भाषेच्या हद्दीवरून आपण 1956 पासून भांडतोय, अबकारीच्या हद्दीबद्दल मात्र कुणाला पत्ता नसतो. बेळगावात घेतलेला कॅन हद्दीवरच्या शिनोळीच्या पुढे गेला की तो महाराष्ट्राच्या दारूबंदी कायद्याखाली जातो. तो कायदा 1949 चा, अजून चालू आहे आणि त्यात प्यायलासुद्धा परवाना लागतो. गोव्यातून स्वस्त म्हणून आणाल तर कणकुंबीच्या बाजूनं येताना तपासणी आहे. खानापूरकडे भीमगड 2011 पासून अभयारण्य आहे. तिथं पाय टाकायलाच वन खात्याची परवानगी लागते, कॅनची गोष्ट लांबच. तुला रोज कोण पकडणार नाही. पण पकडलं त्या दिवशी "आम्ही चांगल्यातली घेतो" म्हणून सांगायला जाऊ नकोस.

म्हणून माझं सांगणं असं, की सॅकमधून बिअर काढ आणि तिला तिची वेळ दे. गडावर पाणी ने, माणशी तीन लिटर. दशमी, शेंगदाण्याची चटणी, गूळ, उकडलेली रताळी. आपल्या तांबड्या मातीतलं रताळं डोंगरावर जे काम करतं ते कुठला पाकिटातला एनर्जी बार करणार नाही. उतरलास की आधी ताक नाहीतर मीठ घातलेलं लिंबूपाणी, मग जेवण. बेळगावात ये, गाडी घरी लाव, अंघोळ कर. मग बिअर प्यायचीच असेल तर रिक्षानं जा, चांगल्या ठिकाणी बस, स्वच्छ काचेचा ग्लास घे, एक माग. गव्हाची असेल तर फार गारढोण नको, थोडी उतरू दे, मग वास कळतो. दिवसभर चाललेल्या माणसाच्या जिभेला ती एक बिअर काय लागते, हे तुला अजून ठाऊकच नाही, कारण तू नेहमी कोमट पीत आलायस. दर रविवारी कशाला? महिन्यातून एकदा. आणि सोमवारी सकाळी मशीनसमोर उभं राहायचं असतं, हे मी फौंड्रीवाल्यानं तुला सांगायला नको.

मित्र कुरकुरतील. कुरकुरू देत. कॅन नाही म्हटल्यावर पाचातले किती पुढच्या रविवारी पहाटे पाचला हजर होतात ते मोज. उरतील त्यांच्याबरोबर चाल.

इथपर्यंत तुझ्या प्रश्नांची उत्तरं झाली. आता तू न विचारलेल्या दोन गोष्टी, आणि माझ्या मते पत्रात खरं तेवढंच होतं.

पहिली, बायको. अख्खं पत्र बिअर, गड आणि मोबाईलवाली पोरं यांच्यावर, आणि तिच्यावर एक ओळ, त्यालाही "ते असो" म्हणून झाकण. ती बिअरबद्दल काही बोललेली नाही, हे तुझ्या लक्षात आलं काय? तिनं रविवारबद्दल विचारलंय. सोमवार ते शनिवार तू कारखान्यात, ती घरात बायपास झालेल्या सासऱ्यांची पथ्यं सांभाळते, आणि सातवा दिवस तू पहाटेपासून रात्रीपर्यंत डोंगरात. तिच्या जागी मी असतो तर यापेक्षा मोठ्या आवाजात विचारलं असतं. महिन्यातले दोन रविवार तुझे, दोन घराचे. त्यातल्या एका दिवशी तू स्वयंपाकघरात आणि ती जिथं तिला जायचंय तिथं. ती कुठं जाते ते विचारू नकोस.

दुसरी गोष्ट बाबांची. त्यावर मी दोन दिवस विचार करत बसलो.

बेळगावहून पंढरपूरपर्यंत पायी गेलेला माणूस. पायाला फोड आले की काय करायचं, कुठल्या मुक्कामात पाणी कसं आहे, पहाटे अंधारात चालायला का बरं वाटतं, हे तुझ्या बेंगळूरच्या कुठल्याही ट्रेकिंग ग्रुपपेक्षा त्यांना जास्त कळतं. ऑपरेशननंतर त्यांची वारी सुटली. आता घरातला एकच माणूस चालतो, तो म्हणजे तू. रविवारी रात्री ते जागे राहतात, आज किती चाललास म्हणून विचारतात. पाळत ठेवायची म्हणून ते विचारतात असं वाटत नाही मला. त्यांना ऐकायचं असतं. आणि तू तोंडाला वास येतो म्हणून दारातनं उत्तर देऊन आत जातोस.

बिअरची किंमत मला विचारशील तर ही आहे. पोलिसाचा दंड नव्हे, त्या पोरांचा व्हिडिओही नव्हे. दोन वर्षांतले एवढे रविवार, आणि बापाला एकही गड नीट सांगून झालेला नाही.

त्यांना सांगायचं की नाही? मी म्हणतो सांग, पण परवानगी मागायला जाऊ नकोस, देणार नाहीत. त्यांच्या गळ्यात माळ आहे, ते आपलं व्रत पाळतात. तू आपल्या सवयीला व्रताचा मान मागायला लागलास तर ते चुकेल. एवढंच म्हण, "बाबा, मी कधीमधी बिअर घेतो. घरात आणणार नाही, घेऊन घरी येणार नाही. तुम्हाला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावं म्हणून सांगतोय." रागावतील. आठ-पंधरा दिवस बोलणार नाहीत. आई देवापुढं बसून डोळे पुसेल. ते तेवढं सोसायचं. शूटिंगचा तो तुकडा फिरत फिरत शहापुरात येऊन त्यांच्या भजनी मंडळातल्या कुणाच्या तरी मोबाईलवर दिसला, तर जे होईल त्याच्यापुढं हे काहीच नाही. ऑपरेशन झालेला माणूस आहे, म्हणून वेळ बघून सांग. औषधं घेतल्यावर, जेवल्यावर. उपाशीपोटी, एकादशीला, सकाळी फुलं तोडत असताना नको.

आणि "घेऊन घरी येणार नाही" हा शब्द पाळायचा तर महिन्यातल्या त्या एका बिअरीचं काय करायचं, असं तू विचारशील. शनिवार आहे की. नाहीतर मित्राकडे मुक्काम कर. तो तिढा तुझा तू सोडव, इतकी हौस आहे तर.

पाऊस उघडला की एका रविवारी बाबांना गाडीत घालून देवरवाडीला वैजनाथाला घेऊन जा. गर्दीचा दिवस टाळ. डॉक्टरला विचार, पायऱ्या किती चालतील म्हणून. ते देवळात बसतील, त्यांना माळ ओढत बसायला आवडेल. तू तिथून महिपाळगडाकडे चालून ये. खाली आलास की त्यांच्या शेजारी टेक, अगदी खांद्याला खांदा लागेल असा, आणि किती चाललास ते सांग. वाट कशी होती, पाणी कुठं लागलं, गावात कुणी चहा दिला काय, सगळं. ते मध्येच तोडून त्यांच्या मुक्कामाचं काहीतरी सांगायला लागतील. तोडू दे.

तुझा,
काका